विचारायचा हक्क कुणाचा

९ मार्च, डंडॉक, बाल्टिमोर

काझ,

तुझी मेल मिळाली. चार ओळी, त्यातल्या तीन तुमच्या खात्याच्या भाषेत. या खटल्यात तू सरकारकडून उभा राहणार. समोरच्या पक्षातल्या एका संस्थेत सख्खी बहीण आहे, हे तू वरिष्ठांना आधीच सांगितलंस. त्यांचं म्हणणं, हरकत नाही, फक्त तिच्याशी या विषयावर अवाक्षर बोलायचं नाही. म्हणून मी फोन करायचा नाही, मेल करायची नाही, आणि आईकडे आपण एक आड एक रविवारी जायचं. शेवटी लिहिलंस, 'काळजी घे'. हे तू मला जन्मात कधी म्हणाला नव्हतास. त्यानेच मला जास्त धास्ती वाटली.

आमच्या वकीलबाई ग्वेन टॉलिव्हर यांनीही तेच सांगितलं. "हवं तर लिहून ठेवा, पण खटला संपेपर्यंत पोस्टात टाकू नका." म्हणून लिहून ठेवतेय. स्वस्थ बसवत नाही, दुसरं काय.

आई आत्ता झोपलीय. खुब्याचं हाड जुळतंय. या पुनर्वसन केंद्रात थेरपिस्टबाई तिला रोज कॉरिडॉरमध्ये चालवतात आणि ही त्यांना स्वयंपाक शिकवते. शाळेच्या मुदपाकखान्यात सारा जन्म काढलेली बाई, इथल्या ताटावर तिचा फार राग. "यांना बटाटा उकडता येत नाही, आणि मला चालायला शिकवतायत," म्हणते.

सकाळी तिने विचारलं, "काझ का येत नाही तुझ्याबरोबर? भांडलात?"

"नाही गं. आम्हाला भांडायचीही बंदी आहे."

ती इतकी हसली की टाके दुखले. मी तिला फार काही सांगितलं नाही.

तुला तरी काय सांगायचं? तुला माहीतच आहे. परदेशांना द्यायची सगळी मदत वरून एका हुकमाने थांबवली. हे पैसे संसदेने मंजूर केलेले, कायद्यात लिहिलेले, आमच्याशी करारही झालेले. मलावीच्या सरोवराकाठी आमची एक मोटरबोट आहे. तिथे डोंगर थेट पाण्यात उतरतो, रस्ता नाही. बाळंतपणात अडलेली बाई बोटीने पलीकडच्या इस्पितळात न्यायची, एवढंच आमचं काम. हुकूम आला त्या आठवड्यात डिझेल संपलं. बोट वाळूवर ओढून ठेवली आहे.

हे तुला सांगायची मला बंदी आहे. म्हणून सांगितलं.

रेनी


४ मे, डंडॉक

काझ,

आई घरी आली. पायऱ्या चढते, कठड्याला धरून. मागच्या रविवारी तू तिच्या न्हाणीघरात दांडी बसवून गेलास. वाकडी आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "तू नीट बसव, मग बोल."

आधी चांगलं ते सांगते. न्यायाधीशबाईंनी आमच्या बाजूने तात्पुरता हुकूम दिला, तेव्हा तुमच्या बाजूने उत्तर आलं की जीव वाचवणाऱ्या कामांना सूट दिलेलीच आहे. आणि खरंच, आम्हाला सूट मिळाल्याचं पत्र आलं. शिक्का, सही, आमच्या प्रकल्पाचं नाव, सगळं. मी ऑफिसात खुर्चीवरून उठून नाचले. खाली दातांचा डॉक्टर आहे, त्याने छताला काठी ठोकली.

लगेच तेम्वाला फोन लावला. तेम्वा म्हांगो, तिकडचं सगळं काम बघते ती. आमच्या लग्नाच्या... म्हणजे माझ्या लग्नाच्या वेळी आली होती बघ, तुझ्याबरोबर नाचली होती. लग्न टिकलं नाही, तेम्वा टिकली.

तिने पत्र शांतपणे ऐकून घेतलं. "छान आहे," म्हणाली. "पैसे कधी?"

"येतीलच आता."

त्याला आज तीन आठवडे झाले. जिथे बिल पाठवायचं ते खातं बंद आहे. ज्या बाईला फोन करायचा तिला कामावरून काढलंय. तिच्या जागी कुणी नाही. काल तेम्वा म्हणाली, "रेनाता, तुझं पत्र छापून इंजिनाच्या टाकीत घालून पाहिलं. सुरू होत नाही बाई." आणि हसली. तिची चेष्टा करायची पद्धत तुला आठवत असेल. ती हसते तेव्हा समजायचं की फार वाईट चाललंय.

तिथल्या नर्सेस पगाराशिवाय येतायत. किती दिवस येतील?

रेनी


१३ जुलै, डंडॉक

काझ,

आज आईने खेकडे आणवले. टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघीच फोडत बसलो. तिने मधेच विचारलं, "तू खात का नाहीयेस?" म्हटलं, मसाला झोंबला.

शुक्रवारी तेम्वाचा फोन आला होता. त्याबद्दल आज लिहीत नाही.

तुझी मुलगी पोहायला शिकली, आईने फोटो दाखवला. तिला सांग... नको, काही सांगू नकोस.

रेनी


१० ऑगस्ट, डंडॉक

काझ,

आता लिहिते.

तिचं नाव लुसुंगु. गावातल्या प्राथमिक शाळेच्या शिक्षकाची बायको. दुसरं बाळंतपण. पहाटेपासून कळा, मूल आडवं. नर्सने सांगितलं, इस्पितळात न्यायलाच हवं. पण या दिवसांत सरोवरावर दक्षिणेचा म्वेरा वारा सुटतो, लाटा समुद्रासारख्या. मोटरबोट असती तर अशा पाण्यातूनही नेतात, कितीदा नेलंय. मी स्वतः एकदा बसलेय त्यात. कोळ्यांनी तिला ओंडक्याच्या होडीतून न्यायचा प्रयत्न केला. दोनदा होडी किनाऱ्यावर परत फेकली गेली. मग झोळी करून डोंगरावरून निघाले.

मुलगा वाचला. ती वाटेतच गेली.

तेम्वा हे सगळं एका दमात बोलली, मधे एकदाही हसली नाही. शेवटी म्हणाली, "त्या लोकांनी मला काही विचारलं नाही. पण ते बोटीकडे बघतात आणि माझ्याकडे बघतात. मी काय करू, सांग. मी रोज त्याच वाळूवरून कामावर जाते."

मी तिला फक्त त्या बाईचं नाव पुन्हा विचारलं आणि लिहून घेतलं.

ग्वेनबाईंनी ऐकलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे प्रतिज्ञापत्रात हवं. तीस सप्टेंबरला सरकारचं आर्थिक वर्ष संपतं. तोपर्यंत खर्च झाला नाही तर निधी लॅप्स होतो, म्हणजे बुडतोच, मग जिंकूनही हातात काही नाही. आता न्यायाधीशांसमोर आकडे नकोत, माणूस हवं."

मला ते 'माणूस हवं' ऐकवेना. म्हटलं, नवऱ्याला विचारल्याशिवाय मी नाव घालणार नाही. तेम्वा त्याच्या घरी गेली. त्याचं नाव वेझी. तो म्हणाला, "अमेरिकेतल्या कोर्टात माझ्या बायकोचं नाव वाचून कुणाला काय होणार आहे? पण घाला. ती गेली हे कुठेतरी लिहिलेलं असू दे. फक्त 'एक महिला' असं लिहू नका."

म्हणून तिचं पूर्ण नाव घातलंय. तू वाचलंच असशील. वाचताना तू कुठे बसला होतास, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

रेनी


२८ ऑगस्ट, सिल्व्हर स्प्रिंग

काझ,

आज मी कोर्टात होते. शेवटून दुसऱ्या बाकावर, खांबाच्या आड. तू पाहिलं नाहीस. की पाहिलंस?

तू उठलास, कोटाचं बटण लावलंस, आणि मला आधी एवढंच दिसलं की तू बारीक झालायस.

मग तू बोलायला लागलास. काझ, तू फार चांगला बोलतोस. आवाज चढवला नाहीस, कुणाची टिंगल केली नाहीस. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "कायद्यात 'खर्च करावा' असं लिहिलंय. सरकारने केला नाही, तर जाब विचारायचा हक्क कुणाला?"

तू म्हणालास, "ज्यांनी तो कायदा केला त्यांना. संसदेला आणि संसदेच्या हिशेब तपासनिसाला. सरकार आणि संसद यांच्यातला हा वाद आहे, महोदया. पैसे ज्यांच्या हाती जायचे त्यांना मधे पडता येत नाही. उद्या प्रत्येक कंत्राटदार कोर्टात येईल."

"आणि संसद गप्प बसली तर?"

"तर तो तिचा निर्णय. कोर्टाने तिच्या वतीने बोलू नये."

माझ्या शेजारी बसलेला कुणी अनोळखी म्हातारा पुटपुटला, "पोरगा हुशार आहे." आणि मला अभिमान वाटला. माझी मान कापायला निघालेल्या माणसाचा अभिमान. बाहेर पडून तोंडावर पाणी मारेपर्यंत तो गेला नाही.

पण त्याआधी तू ते दुसरं बोललास. "सरोवराकाठच्या प्रकल्पाबद्दलचं प्रतिज्ञापत्र जुन्या परिस्थितीचं आहे. त्यानंतर निधी सुटला आहे. बोट पुन्हा सुरू आहे." आणि कुणा अधिकाऱ्याने शपथेवर दिलेला कागद पुढे केलास.

ग्वेनबाई उठल्या, म्हणाल्या, आमची माहिती वेगळी आहे. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "सरकारी वकील कोर्टाला सांगतायत, ते मी धरून चालते. तुमचं काही असेल तर लेखी द्या."

मी त्याच दुपारी तेम्वाला फोन केला. वाटलं, खरंच सुटले असतील पैसे, मलाच कळलं नसेल. मला तसंच असावं असं इतकं वाटत होतं. तेम्वा म्हणाली, "आत्ता खिडकीतून दिसतेय मला बोट. तिच्यात कोंबड्या बसल्यात."

तुला ठाऊक होतं? एवढं एकच मला विचारायचंय, आणि तेच विचारता येत नाही.

रेनी


७ सप्टेंबर, सिल्व्हर स्प्रिंग

काझ,

आज मी आईपाशी फुटले. इतके महिने दाबून ठेवलं होतं. ती पिएरोगीच्या पाऱ्या लाटत होती, मी सारण भरत होते, आणि तिने सहज म्हटलं, "काझच्या कामाचं टीव्हीवर दाखवतात म्हणे." झालं. बोट, लुसुंगु, वेझी, कोंबड्या, सगळं बाहेर आलं. तुला मी खोटारडा म्हटलं. त्याहून वाईटही म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

आईने लाटणं खाली ठेवलं नाही. "त्याला माहीत असेल असं तुला वाटतं?"

"वकील आहे तो. माहीत करून घेणं हेच त्याचं काम."

"मी ते विचारलं नाही."

तिने एकेक पारी दुमडून कडा दाबल्या. मग म्हणाली, "लहानपणी तू त्याच्या चुगल्या करायचीस. त्याने कधी तुझी केली नाही. पण खोटं तोही बोलायचा नाही. फार तर खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा."

"ही चुगली नाही, आई."

"नाहीच म्हणतेय मी. सारण जास्त भरतेयस. फुटतील."

घरी आले आणि फेऱ्या मारत राहिले. ग्वेनबाईंचं लेखी उत्तर तयार होतंय, पण तेम्वाचा जबाब, तिथल्या वकिलाची सही, सगळ्याला वेळ लागतोय. आणि महिना पळतोय.

रेनी


२१ सप्टेंबर, डंडॉक

काझ,

कुठून सुरू करू?

बुधवारी ग्वेनबाईंचा फोन आला. आवाज विचित्र. "बसलायत का? सरकारी बाजूने दुरुस्तीचं निवेदन आलंय." मग वाचून दाखवलं. "अठ्ठावीस ऑगस्टच्या सुनावणीत सरकारी वकिलांनी सांगितलं की सरोवराकाठच्या प्रकल्पाचा निधी सुटला आहे. हे विधान बरोबर नव्हतं. कागदोपत्री सूट दिली गेली, पण रक्कम पाठवली गेली नाही. बोट सुरू नाही." खाली तुझी सही. फक्त तुझी.

"असं कुणी करत नाही," ग्वेनबाई म्हणाल्या. "म्हणजे करायचं असतं. पण करत नाही."

शुक्रवारी न्यायाधीशबाईंचा निकाल आला: तीस तारखेच्या आत निधी खर्चाला लावा. त्यांनी निकालात तुझ्या निवेदनाचा उल्लेख केलाय. आणि त्याच दिवशी कळलं की सरकारी वकिलांच्या यादीतून तुझं नाव गेलंय.

आज आईला विचारलं, "त्याला तू काही बोललीस?"

"मागच्या रविवारी. बोलले की."

"तुला माहीत होतं ना, आम्हाला बोलायची मनाई आहे?"

"तुम्हाला आहे. मला कुणी कोर्टाने सांगितलेलं नाही. मी माझ्या पोराशी जेवताना बोलत होते." मग तिने सांगितलं. तू सूप पीत होतास. ती म्हणाली, "काझ, ती बोट अजून वाळूवर आहे. त्यात कोंबड्या बसतात." तू म्हणालास, "आई, हा विषय नको." ती म्हणाली, "बरं, नको. ब्रेड घे." तू ब्रेड घेतलास. मग तुकडा ताटात ठेवून विचारलंस, "हे कधीचं?" ती म्हणाली, "ह्या महिन्याचं." तू कोट घेतलास आणि मागच्या अंगणात बराच वेळ उभा राहिलास. तिथेच तिला कळलं, तुला माहीत नव्हतं.

मी तुला खोटारडा म्हटलं, हे तिने तुला सांगितलं नाही. मी सांगतेय.

आम्ही जिंकलोय म्हणे. पण तुमच्या लोकांनी वरच्या कोर्टात धाव घेतलीय. मला झोप नाही. जेवण उभ्यानेच होतं. तेम्वाने कोंबड्या हाकलल्या, बोट धुऊन घेतली. मी तिला म्हटलं, अजून थांब. ती म्हणाली, "धुतली म्हणून काय बिघडतं?"

रेनी


५ ऑक्टोबर, डंडॉक

काझ,

हे शेवटचं, आणि यासोबत बाकीची सगळी उद्या पोस्टात टाकतेय. काल जिन्यात धापा टाकत जे बोलणं झालं ते अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते.

वरच्या कोर्टाने सव्वीस तारखेला निकाल थांबवला. कारण तुझंच: या संस्थांना असा दावा करता येत नसावा, हा वाद संसदेचा. तीस तारीख आली आणि गेली. निधी लॅप्स झाला. तेम्वाला मी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं. मग आता बायकांना मी सांगते, महिनाभर आधीच पलीकडे जाऊन राहा. ज्यांची पलीकडे माणसं आहेत त्या जातील." बाकीच्यांचं काय, हे तिने सांगितलं नाही. इंजिन काढून ती इस्पितळाला देतेय. तिथे निदान गंजणार नाही.

आणि काल सकाळी तू आलास. आधी न कळवता, जुन्या विजारीत, बायकोची गाडी घेऊन. "ऑफिस रिकामं करतेयस असं कळलं. कपाटं जड असतील," म्हणालास. इतक्या महिन्यांनी समोर आलास आणि मी तुला पहिलं वाक्य काय बोलले, तर "जिन्याचं वळण अरुंद आहे, जपून."

जिन्याच्या वळणावर कपाट कठड्याला टेकवून धरलं तेव्हा मी विचारलं, "तुला काढलं?"

"बदली. आयात शुल्काचे वाद."

"वाईट वाटलं?"

"वाटलं. चांगला खटला होता." मग माझ्याकडे न बघता म्हणालास, "रेनी, एक सांगतो, चिडू नकोस. ते निवेदन मी दिलं म्हणून मी तुझ्या बाजूचा झालो असं समजू नकोस. कायदा तुझ्या बाजूने नाही असं मला आजही वाटतं."

मी चिडले. कपाट सोडलंच हातातून, तुझ्या पायावर पडता पडता राहिलं. "मग ते निवेदन कशाला दिलंस?"

"कारण बोटीचं मी बोललो ते खोटं होतं. आणि कायद्याचं बोललो ते खोटं नाही."

आपण तिथेच पायरीवर बसलो. खालच्या दवाखान्यातून दात कोरल्याचा आवाज येत होता. तू म्हणालास, "तू कोर्टावर चिडतेस, माझ्यावर चिडतेस. पैसे मंजूर कुणी केले? संसदेतल्यांनी हात वर करून केले, आणि नंतर कुणी ते दिले नाहीत तर तोंडातून शब्द काढला नाही. त्यांच्या तपासनिसाला दावा लावायला सांगता आलं असतं. एकाने सांगितलं नाही. मी कोर्टात उभा राहून म्हणत होतो, हा त्यांचा हक्क आहे. आणि मागे वळून पाहिलं तर तिथे कुणी नव्हतं."

"मी होते."

"माहीत आहे. खांबाच्या आड."

मग तू उठलास आणि आपण ते कपाट खाली नेलं. जाताना तू विचारलंस की त्या मुलाचं नाव काय ठेवलं. मला माहीत नव्हतं. ज्या मुलाच्या आईचं नाव मी कोर्टात दिलं त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नव्हतं. संध्याकाळी तेम्वाला विचारलं. चिमवेम्वे. म्हणजे आनंद. वेझीने ठेवलं.

आता तुला सांगायचं ते हे. खर्चाची विधेयकं करणाऱ्या समितीतल्या एका सिनेटरच्या ऑफिसने मला मंगळवारची वेळ दिलीय. या बाईंनी त्या निधीच्या बाजूने मत दिलं होतं, भाषणही केलं होतं. मदतनीस म्हणाली, थोडाच वेळ मिळेल, मुद्द्याचं बोला. मुद्दा मी तुझाच घेतलाय. काल रात्रभर तो माझ्या भाषेत बसवत होते आणि तो बसत गेला, याचा मला रागही आला. मी बोट सांगणार नाही, लुसुंगुचं नाव त्यांना वाचून दाखवणार नाही. मी म्हणणार, "बाई, कोर्टाने सांगितलंय की हे विचारायचा हक्क तुमचा आहे. तर तुम्ही अजून का विचारलं नाही?"

त्या काय म्हणतील ते मला माहीत नाही. कदाचित पाणी विचारतील, फोटो काढतील. कदाचित खरंच काही करतील. पण त्याही गप्प बसल्या, तर काझ, पुढच्या रविवारी दोघं मिळून आईकडे जाऊ, आणि जेवण झाल्यावर तू मला नीट, सावकाश सांग: तुझ्या त्या कायद्यात यानंतर कुठे जायचं असतं?

रेनी